लोंढेकाकांची पुडी

सकाळी साडेसातला सदाफुली खुडायची,
ऊन चढायच्या आत.
नंतर पराग आळसावतात, असं मॅडम म्हणतात.
मी वहीत नुसतं तापमान लिहिते: अठ्ठावीस.

साध्या पाण्यात टाकले तर फुटतात ते.
पहिल्या दिवशी मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
भिंगाला डोळा लावला आणि एकेक कण
तट्ट फुगला, आतलं सगळं
धुरासारखं बाहेर.
पाणीच होतं. दोनदा ऊर्ध्वपातित, निर्मळ.

म्हणून साखर, शंभराला दहा ग्रॅम.
म्हणून कॅल्शियम, किंचित मॅग्नेशियम,
आणि बोरॉन.

मार्चअखेर बोरिक आम्लाची बाटली संपली.
मागणीपत्र तीन टेबलं फिरलं
आणि चौथ्यावर जेवायला बसलं.
बोरॉनशिवाय नळी निघते, नाही असं नाही,
पण जरा पुढं गेली की वाकते, टोकाला फुगते,
वाट विचारावी आणि कुणी सांगू नये
तशी उभी राहते.

लोंढेकाका काचा पुसता पुसता ऐकत होते.
दुसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशातून पुडी काढली.
'नाना पेठेत आमचा कॅरम क्लब आहे.
स्ट्रायकर पळतो कशावर? हीच बोरिक पावडर.
जुना डबा आहे, भेसळ नाही.
राणी मी काढून दिली, कव्हर तुमचं तुम्ही बघा.'

मी वजन केलं. शंभर मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम,
तराजूलाही शंका यावी इतकं.
जास्त झालं की तेच मारतं, मी म्हणाले.
'बोर्डावर पण तसंच,' काका म्हणाले,
'सोंगटी थांबायचं विसरते.'

पाऊण तासानं नळ्या.
सरळ, एकमेकींना ओलांडत,
काचेवर, जिथं फूल नव्हतं,
कुक्षी नव्हती, बीजांड नव्हतं,
तरी निघालेल्या.
आणि मागं, ठरावीक अंतरावर,
नळी स्वतःच्याच पोटात बूच मारते,
आधीची खोली बंद करते,
सगळा जीव पुढच्या टोकात.

वाईला माझी खोली
आईनं एका कंपाउंडरला भाड्यानं दिली आहे.
पुस्तकं पोत्यात, पोतं माळ्यावर.
(हे वहीत नाही लिहिलं.)

दुसरी काचपट्टी गाजरगवताची.
म्हात्रे पुलाखालून, मुठेच्या काठावरून आणलेलं,
वाटलेलं, गाळलेलं, हिरवट काढ्यासारखं.
हातमोजे होते, तरी मनगट रात्रभर खाजलं.
त्याच पाकात, त्याच पुडीतल्या बोरॉनसोबत
त्याचा एक थेंब.

एक तास. दोन.
फुटलेही नाहीत. गोल, धडधाकट, गप्प.
दोनशेपैकी शून्य.
शून्य असल्यामुळे मी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

शंभरपट पातळ केलं तर चौदा.
हजारपट पातळ केलं तर, काय सांगू,
नुसत्या पाकापेक्षा चार जास्तच.
हे अजून मॅडमना बोलले नाही.
हात चुकला असेल, उद्या परत करीन.

नदीकाठी हे गवत मांडीएवढं वाढलंय.
वाऱ्यावर त्याचा पराग उडतो,
कुणाच्या कुंडीतल्या वांग्याच्या कुक्षीवर
जाऊन बसतो, आणि तिथं
दुसऱ्या कुणाला उगवू देत नाही.
डेक्कनला बसमध्ये शिंकणारी माणसं
एवढंच जाणतात की हवा बदलली.

सहा वाजता काका कुलूप घेऊन आले.
'बघू तरी, आमच्या पावडरीनं काय केलं.'
एक डोळा मिटला, नेम धरल्यासारखा,
कोपर टेबलावर, श्वास रोखलेला.
मी सांगायच्या आत
ते चुकीच्या काचपट्टीवर वाकले होते.

बराच वेळ पाहिलं.
'इथं कमी पडली वाटतं,' म्हणाले,
आणि खिशात हात घालून
उरलेली पुडी
माझ्यापुढं सरकवली.